नांगर आधी, गिऱ्हाईक मागाहून

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर तयार होऊन उभे होते आणि ते कोणी घेत नव्हते. लोक यायचे, बघायचे, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि निघून जायचे. दोनेक वर्षे असेच चालले. लोखंड जमिनीत गेले की जमिनीला विष चढते, पीक करपते, असे शेतकरी सांगायचे.

या समजुतीवर शहाण्या माणसांनी पुष्कळ हसून घेतले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या प्रत्येक चरित्रात ती येते, आणि अडाणी शेतकरी विरुद्ध दूरदृष्टीचा कारखानदार असा सामना तिथे लागतो. मला त्यात एक गोष्ट नेहमी खटकते. शेतकऱ्याच्या लाकडी नांगराला फाळ होताच, आणि तो लोखंडाचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या तो जमिनीत घुसत आला होता, तेव्हा विष चढले नव्हते. मग अडचण दुसरीच कुठली तरी असणार.

लाकडी नांगर विकत घ्यावा लागत नसे, हे आपण विसरतो. बाभळ शेतकऱ्याच्या बांधावरची. खोड, हळस, रुमणे सगळे सुतार घडवून देणार. फाळ बोथट झाला की लोहार भात्यावर पाजवून देणार. मोबदला म्हणून सुगीत खळ्यावर दोघांना बलुत्याच्या पेंढ्या मिळणार. या व्यवहारात रोख पैसा कुठेच येत नाही. नांगर मोडला तर माणूस गावातच आहे, संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन मिळतो. लोखंडी नांगराला रोकड लागत होती आणि त्याचा एखादा भाग तुटला तर गावचा लोहार हात टेकणार होता. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, जोड कसा द्यायचा, हे त्याला ठाऊक नव्हते. सावकाराच्या वहीत नाव लागलेल्या माणसाने अशा वस्तूला ‘विषारी’ म्हटले तर तो फार चुकत होता, असे नाही.

नांगर मात्र खरोखर चांगला होता. लाकडी नांगर जमीन फाडतो, पलटत नाही. काळ्या भारी रानात त्याला चार-चार, सहा-सहा बैल जुंपायचे आणि तरी हरळीची मुळी खाली तशीच राहायची. लोखंडी नांगराच्या फाळामागे वाकडी पाटी असते. कापलेली माती तिच्यावर चढते आणि उलटी होऊन तासात पडते. वरचे तण खाली गाडले जाते, खालची मुळी उन्हात येऊन वाळते. हे बांधावर उभे राहून सांगितले तर कोणी ऐकत नाही. दोन तास मारून दाखवले तर ढेकूळ हातात घेऊन शेतकरी स्वतःच मुळी निवडू लागतो. वस्तू बनवणे ही अर्धी कामगिरी, ती घेणारा माणूस घडवणे ही उरलेली अर्धी, हे लक्ष्मणरावांना इथे कळले. खरे म्हणजे पुन्हा कळले, कारण हा धडा त्यांनी आधी सायकलीवर गिरवलेला होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्या काळी ‘किर्लोस्कर’ म्हटले की मराठी माणसाला पंप नव्हे, पद आठवायचे. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गुर्लहोसूरचे. लक्ष्मणरावांचाही ओढा कलेकडेच होता. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की काही रंग त्यांना ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला याहून वाईट बातमी कोणती असेल? रंग सुटले, रेघ राहिली. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. ते काम त्यांनी असे आत्मसात केले की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आपल्या आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक म्हणून लागले.

मुंबईत कुणी पारशी गृहस्थ दोन चाकांवर बसून चाललेले त्यांनी पाहिले आणि सायकल त्यांच्या डोक्यात शिरली. १८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर बंधू’ अशी पाटी लागली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये होती, म्हणजे गिऱ्हाईक साहेब, जहागीरदार किंवा मोठा वकील. पण एवढी रक्कम मोजलेल्या माणसाला सायकल चालवता कुठे येत होती? रामूअण्णा ती शिकवायचे आणि शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे घ्यायचे. कॅरेजला धरून मागे पळणाऱ्या रामूअण्णांना आपण धंद्याच्या पुढच्या साठ वर्षांची तालीम करतो आहोत, असे वाटले असण्याचे काही कारण नाही.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. अशा प्रसंगानंतर माणसे अर्ज करतात, निषेधाच्या सभा भरवतात, नाहीतर आयुष्यभर ती हकीकत घरच्यांना ऐकवत बसतात. लक्ष्मणरावांनी कडबा कापायचे यंत्र केले.

यंत्र छोटे, पण त्यामागचा विचार नेमका होता. जनावरापुढे पेंढी टाकली की ते पाला खाते आणि धाटे तुडवते. तुकडे करून टाकले की सगळा कडबा पोटात जातो. दुष्काळाच्या त्या वर्षांत वाचलेली पेंढी म्हणजे वाचलेला बैल. हे हिशेबाचे गणित शेतकऱ्याला लगेच पटणारे होते. त्यानंतर नांगर आला, आणि तो पटायला वेळ लागला, हे आपण पाहिलेच.

नांगर खपू लागल्यावर दुसरी लढाई सुरू झाली, ती फाळाच्या टोकाशी. बिडाचा फाळ दगडगोट्यांच्या रानात घासून झिजतो, आणि फार कडक केला तर खड्याला आपटून त्याचे टोक उडते. विलायती नांगरांचे टोक टिकायचे. त्याचे मर्म ओतकामात होते. साच्यात टोकाच्या जागी वाळूऐवजी लोखंडाचा ठोकळा बसवायचा. वितळलेला रस त्या थंड ठोकळ्याला भिडला की तिथल्या तिथे झपकन गोठतो आणि काचेसारखा कडक होतो. मागचा भाग वाळूत सावकाश थंड होतो, म्हणून तो धक्का सोसतो. एकाच तुकड्यात दोन स्वभाव. हे शिकवणारी शाळा बेळगावात नव्हती. परदेशी तांत्रिक पुस्तके, मासिके आणि कॅटलॉग समोर ठेवून, ओतून, फोडून, पुन्हा ओतून शिकायचे.

धंदा जरा मार्गी लागतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. गावाची वाढ तिकडे करायची होती. नगररचनेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. भट्टीचा धूर कुणाला खिडकीसमोर हवा असतो? पण ज्या माणसाने सगळी पुंजी भट्टीत घातलेली असते त्याला कुठे जायचे हे कागदावर लिहिलेले नसते. आज बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. गावे अशीच असतात. आधी उठवतात, मग रस्त्याला नाव देतात.

इथे गोष्टीत दुसरा चित्रकार येतो. औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. स्वतः हातात कुंचला धरणारे, पुढे सूर्यनमस्काराच्या प्रचारासाठी देशभर ठाऊक झालेले. संस्थान केवढे? बहात्तर गावांचे, आणि तीही सातारा, सोलापूर, विजापूर अशी तीन जिल्ह्यांत विखुरलेली. लक्ष्मणरावांची त्यांच्याशी ओळख होती, औंधात बांधकामाचे कामही ते करत होते. राजांनी जागा देऊ केली आणि वर कर्जही दिले. ३२ एकर, कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ.

राजाने जमीन दिली, हे वाक्य वाचताना आपल्या डोळ्यांपुढे हिरवे रान येते. हे रान निवडुंगाचे होते. पाऊस बेताचा, माती मुरमाड, आणि निवडुंगाच्या प्रत्येक बेटाखाली साप. शेतीला ती जागा कोणी फुकटही घेतली नसती. पण तिच्या कडेने पुणे-मिरज मीटरगेजचे रूळ जात होते आणि लक्ष्मणरावांचे डोळे निवडुंगावर नसून रुळांवर होते. कच्चे बीड आणि कोळसा मुंबई-मद्रासच्या बाजूने येणार, नांगर त्याच रुळांवरून वऱ्हाडापासून कर्नाटकापर्यंत जाणार. बिडासारख्या वजनदार मालाचा बैलगाडीने होणारा वाहतूकखर्चच किंमत खाऊन टाकतो. रेल्वे धक्क्याला लागून असलेला नापीक माळ कारखान्याला सोन्याचा.

१० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडी सुरू झाली. सोबत पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे. युरोप-अमेरिकेत कारखानदार कामगारांसाठी आखीव वसाहती बांधतात, असे लक्ष्मणरावांनी वाचले होते. तसे आपल्याकडे व्हावे ही त्यांची जुनी हौस होती. आता हौसेला गरजेची जोड मिळाली. माळावर राहायला घर नसेल तर माणूस येणारच नव्हता. आधी तंबू आणि छपरे, मग चाळी, विहीर, शाळा, बाग. ही सगळी व्यवस्था रामूअण्णा बघायचे. सायकल शिकवणारा माणूस आता वाडी शिकवू लागला. कचरा कुठे टाकायचा, झाडाला पाणी कोणी घालायचे, हे सुद्धा.

माणसे कोण होती ते पाहण्यासारखे आहे, कारण किर्लोस्करवाडीची खरी गंमत तिथे आहे. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार, आणि नवख्यांना शिकवणारेही तेच. के. के. कुलकर्णी फिरते विक्रेते, कायद्याचा सल्ला देणारे, जाहिराती लिहिणारे, पडेल ते काम करणारे. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर शाळेत नापास झालेले आणि यंत्रासमोर उभे केले की नव्या कल्पना सुचणारे. मुंबई-पुण्याच्या एखाद्या पेढीने यांतल्या निम्म्या लोकांना दारातूनच परत लावले असते. माळावर उमेदवारांची रांग लागत नाही. जो आला त्याच्यात काय आहे ते हुडकावे लागते.

आणि राखणीला दोघे होते, तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांच्याही नावावर जुने गुन्हे. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती कारखान्याच्या किल्ल्या दिल्या आणि त्यांनी त्या निष्ठेने सांभाळल्या, ही हकीकत सगळीकडे कौतुकाने सांगतात. कौतुक रास्तच आहे. ज्या काळात सरकारने अख्ख्या जमातींना कायद्याने गुन्हेगार ठरवून टाकले होते, त्या काळात हा विश्वास सोपा नव्हता. तरी एक टोचणी राहतेच. त्याच हकीकतीत बाकीच्या सर्वांना आडनाव आहे, ‘राव’ आहे. या दोघांच्या नावापुढे जात आहे.

वाडीच्या हद्दीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. भट्टीवर रसाची कढई दोघांनी मिळून उचलायची असते. साच्यात रस ओतताना एकाने ‘शिवू नको’ म्हटले तर दोघांचे पाय भाजतील. कारखान्यात सुधारणा पुस्तकातून येण्याआधी कामातून येते ती अशी. भट्टीवर एकत्र आलेली माणसे सुटीच्या दिवशीही एकत्र बसत होती का, हा प्रश्न मात्र दंडकाने सुटत नाही.

१९१४ ला महायुद्ध सुरू झाले. एका बाजूने हे वरदान होते. विलायती नांगर यायचे बंद झाले आणि रान मोकळे झाले. दुसऱ्या बाजूने बीड मिळेना, कोळसा मिळेना, रंगसुद्धा मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी थंड, अशी वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. त्यांच्या किल्ल्यांवर जुन्या तोफा पडून होत्या. महाराजांनी त्या वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

ही गोष्ट इतकी बेतीव वाटते की नाटकात घातली तर प्रेक्षक लेखकाला हसतील. पण तिच्यातला रोकडा व्यवहार बघा. तोफेचे बीड जाड असते, एक तोफ म्हणजे कित्येक फाळांचा माल. ती फोडायची कशी, हेच मुळात मोठे काम. घण घालून तुटत नाही, अख्खी भट्टीत मावत नाही. आणि शाहू महाराजांना यात काय मिळाले? शेती सुधारावी आणि बहुजनांच्या हाती उद्योग यावा हे त्यांचे राजकारणच होते. ज्या राजाने गुळाची शाहूपुरी बाजारपेठ वसवली आणि राधानगरीचे धरण हाती घेतले, त्याला गंजणाऱ्या तोफेपेक्षा चालणारा नांगर कामाचा वाटला तर नवल नाही.

इतिहास लिहिताना आपण उद्योजकाला एकटा उभा करतो. किर्लोस्करवाडीत तो एकटा कधीच नव्हता. एका संस्थानिकाने माळ दिला, दुसऱ्याने तोफा दिल्या, इंग्रजांच्या रेल्वेने माल वाहिला, स्वदेशीच्या चळवळीने हवा दिली आणि युद्धाने स्पर्धक हटवले. याच रेल्वेमार्गावर कऱ्हाडजवळ १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. ओगलेवाडीच ती, तिच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांचा अभ्यास झाला. तळेगावचा पैसा फंडाचा काचकारखाना त्याआधीचा, १९०८ चा, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभा केलेला. म्हणजे हवाच तशी होती. पण तीच हवा लागलेले पुष्कळ कारखाने उभे राहून बसलेही. फक्त ‘स्वदेशी आहे म्हणून घ्या’ असे म्हणत माल किती दिवस खपणार? शेतकरी देशभक्तीसाठी एकदा नांगर घेईल. दुसऱ्यांदा घेईल तो तास चांगला पडला तर.

युद्ध संपले, १९२० च्या जानेवारीत ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ अशी नोंदणी झाली. त्याच वर्षी वाडीतून एक छोटे मासिक निघू लागले, ‘किर्लोस्कर खबर’. ते काढले लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर यांनी. हे गोष्टीतले तिसरे चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे ते चित्रकला शिकले होते. ते सातवळेकर पुढे वेदांकडे वळले आणि राहायला आले तेही औंधातच. रंग न दिसणारा एक, राजवाड्यात रंगणारा दुसरा आणि नांगराच्या कॅटलॉगची चित्रे काढणारा तिसरा. दक्षिण महाराष्ट्रातला हा उद्योग चित्रकारांच्या हातून उभा राहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

‘खबर’ आधी कारखान्याची बातमीपत्रिका होती. कोणता नांगर कोणत्या जमिनीला, उसाच्या चरकाची निगा कशी राखावी, अमक्या गावच्या शेतकऱ्याचे पत्र. एजंटांना द्यायला बरे, गिऱ्हाइकाला वाचायला बरे. पण शंकररावांनी ओळखले की पत्रिकेतला नांगर वाचून झाला की माणूस पुढचे पान उलटतो, आणि त्या पानावर काहीतरी असले पाहिजे. मग धंद्याच्या गोष्टी आल्या, आरोग्य आले, बुवाबाजीवर टीका आली, व्यंगचित्रे आली. १९२९ साली नावातली ‘खबर’ गेली आणि नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० च्या ऑगस्टमध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. एका लोहकारखान्यातून तीन मासिके. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले आणि गावोगाव वाद झडले. ज्या घरात किर्लोस्करांचा एक खिळाही नव्हता तिथे किर्लोस्करांचे मासिक जात होते.

हा जाहिरातीचाच विस्तार होता का? काही अंशी होताच, आणि त्यात कमीपणा कसला? जो शेतकरी लोखंडाने विष चढते म्हणतो त्याला नांगर विकायचा तर आधी त्याचे मन नांगरायला हवे, हे रामूअण्णांच्या सायकल-शिकवणीचेच तर्कशास्त्र होते. पण शिकवण एकदा सुरू झाली की ती कुठे थांबेल, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. ‘स्त्री’चेच बघा. ज्या मासिकाचा उगम शेवटी नांगराच्या बातमीपत्रिकेत होता, त्यात १९६४ मध्ये विद्या बाळ कामाला लागल्या, पुढे संपादक झाल्या. तिथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. कडबा कापायच्या यंत्रापासून स्त्रीमुक्तीच्या मासिकापर्यंत धागा पोचतो, हे लक्ष्मणरावांच्या कोणत्याही आराखड्यात नव्हते.

१९२२ साली लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेला एमआयटीत शिकायला गेले, बरोबर चुलतभाऊ माधव. माधव क्षयाने तिथेच गेला. शंतनुराव १९२६ ला पदवी घेऊन परतले, म्हणजे एका जगातून दुसऱ्याच जगात. त्याच सुमारास वाडीत पंप आणि तेलइंजिने होऊ लागली. नांगराने जमीन उलटी केली, पण पाणी अजून मोटेनेच यायचे. बैल उतारावरून खाली जाणार, मोट वर येणार, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडणार, की बैल पुन्हा उलट्या पावली मागे. दिवसभर हे केले तरी वीस-तीस गुंठे भिजायचे. इंजिन दगडावर घट्ट बसवून पट्टा चढवला की तेच काम बैलांविना होऊ लागले. आमच्याकडे ‘इंजिन’ म्हटले की आजही रेल्वेचे नव्हे, विहिरीवरचेच डोळ्यांपुढे येते. हँडल मारणारा मोठा माणूस, काळ्या धुराची पहिली फुंकर, आणि मग रानभर ऐकू येणारा तो एकसुरी ठेका. ऊस वाढला, उसाबरोबर चरक खपले. तिशीच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगराचे गिऱ्हाईक आटले, तेव्हा वाडीने लोखंडी खुर्च्या-टेबलेही केली. चाळीस-बेचाळीसच्या सुमारास विजेच्या मोटारी आणि लेथ. मग हरिहर, बंगळूर, पुणे असा पसारा. त्याचे पाढे इथे म्हणत नाही. शंतनुरावांनी स्वतःच ‘कॅक्टस अँड रोझेस’ या आत्मचरित्रात ते सविस्तर सांगितले आहे. नावातला कॅक्टस या माळावरचाच.

औंधमध्येही तोवर बरेच घडले होते. १९३९ च्या जानेवारीत राजाने राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना मंजूर केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते यांनी त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, भिंतीविना तुरुंग. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्यावरून निघाला. ज्या संस्थानात तीस वर्षांपूर्वी गुन्हे नावावर असलेल्या दोघांकडे कारखान्याची राखण होती, त्याच संस्थानात हा प्रयोग सुचावा, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. पुरावा मात्र माझ्यापाशी नाही. कुंडल तर १९४३ पासून इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचे केंद्रच झाले. नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांची माणसे याच शिवारात वावरत होती.

जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण, आणि त्यानंतरच्या दिवसांत सातारा-कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरेदारे जाळण्यात आली. जमाव किर्लोस्करवाडीतही आला. कारखान्याला आग लागली. साचे, लाकडी पॅटर्न, आराखडे, जे जळण्यासारखे होते ते जळले. पॅटर्न म्हणजे ओतशाळेची खरी दौलत. यंत्र विकत मिळते, वीस वर्षांत सुतारांनी सूतसूत तासून केलेले नमुने मिळत नाहीत.

या आगीबद्दल वाडीच्या बाजूने लिहिणारे कृतघ्नतेचा सूर लावतात आणि दुसरे लोक विषय घाईने उरकतात. मला वाटते, अडतीस वर्षांत वाडीने भोवतालच्या गावांना मजुरी दिली, नांगर दिला, मासिक दिले. पण कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे हा भेद तिला मिटवता आला नाही. वरच्या खुर्च्यांवरची आडनावे बाहेरच्याने रोज वाचली होती. याने जाळपोळ क्षम्य होत नाही. जळलेल्या छपराखाली ज्यांची रोजंदारी बुडाली ती माणसे बहुतेक बाहेरच्याच गावांची होती. कारखाना पुन्हा उभा करायला हातही त्यांचेच लागले.

लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. २६ सप्टेंबर १९५६ ला पुण्यात ते गेले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनची पाटी केव्हाच बदलली होती. आता तिथे ‘किर्लोस्करवाडी’ आहे, रूळ ब्रॉडगेजचे आहेत.

नांगर मात्र उरले नाहीत. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले आणि बिडाचा नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत पडला. लाकडी नांगराचे नशीब बरे. त्याला हल्ली हायवेवरच्या हॉटेलवाल्यांनी रोगण मारून दारात उभा केला आहे. लोखंडी नांगर शोभेचा नाही. तो भंगारवाल्याच्या टेम्पोत जातो. भंगारवाला चुंबक लावत नाही, हातोडीने एक टिचकी मारतो आणि आवाजावरून सांगतो, ‘हे बीड आहे, याचा भाव वेगळा.’ मग दोन ढीग करतो, तोलतो आणि बिडाचा ढीग ओतशाळेकडे पाठवतो. तिथे ते वितळून बहुधा पंपाचे कवच होते.